नोंदवहीतले आकडे आणि मुखोद्गत नावे : गाम्बिया नदीकाठचा इतिहास

१/ आफ्रिकेचा नकाशा उघडून गाम्बिया शोधावा. पश्चिम किनाऱ्यावरून आत गेलेली चिंचोळी पट्टी, तिच्या मधोमध त्याच नावाची नदी आणि तीन बाजूंना सेनेगल. ही पट्टी कुठेही ५० किलोमीटरहून अधिक रुंद नाही.

२/ ही नदी मुळात सीमा नव्हती, वाट होती. गिनीतील फूता जालोनच्या डोंगरांत उगम पावून सुमारे ११०० किलोमीटर वाहत ती अटलांटिकला मिळते. मांडिंका, फुला, वोलोफ, जोला हे समाज या खोऱ्यात शेजारी म्हणून नांदत आले. १८८९ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांनी करार करून नदीकाठ ब्रिटिशांकडे आणि भोवतालचा मुलूख फ्रेंचांकडे ठेवला. एकाच कुळातले आप्त दोन राजवटींत वाटले गेले.

३/ त्याही आधी याच वाटेने माणसांचा व्यापार झाला. मुखापासून काही अंतर आत गेल्यावर एक लहानसे बेट लागते. बाल्टिक किनाऱ्यावरील कूरलँडच्या ड्यूकने १६५१ मध्ये तेथे किल्ला बांधवला. १६६१ मध्ये तो इंग्रजांनी घेतला व त्यास ‘जेम्स’ नाव दिले. हस्तिदंत आणि सोन्याबरोबर येथून गुलाम केलेली माणसे अटलांटिकपार गेली.

४/ बेटासमोर उत्तर काठावर जुफुरे हे गाव आहे. आपला पूर्वज कुंटा किंते येथूनच पकडला गेला, असे अमेरिकन लेखक अ‍ॅलेक्स हेली यांनी ‘रूट्स’ (१९७६) या ग्रंथात मांडले. ‘लॉर्ड लिगोनियर’ या जहाजाच्या, १७६७ सालच्या नोंदी त्यांनी धुंडाळल्या. गाम्बियाहून १४० जण चढवले गेले. अमेरिकेत उतरले ९८. हस्तिदंत, मेण, कापूस आणि सोने यांच्याच यादीत हे ९८. नाव एकाचेही नाही.

५/ नावे जपली ती ‘जाली’ने. मांडिंका समाजात जाली हा वंशपरंपरेने वंशावळी व कुळकथा मुखोद्गत ठेवणारा गायक. भोपळ्याच्या कवचावर कातडे ताणून केलेला, २१ तारांचा कोरा हे त्याचे वाद्य. बारशाला आणि लग्नात तो कुळाचे पूर्वज सभेसमोर उभे करतो.

६/ मग जालीचे बोलणे पुरावा मानावे काय? हेलींना जुफुरेत कथा सांगणारी व्यक्ती परंपरेने घडलेला जाली नव्हती, आणि पाहुण्याला काय ऐकायचे आहे याची कल्पना गावाला आधीच होती, असे इतिहासकार डोनाल्ड राइट यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. ‘रूट्स’मधील वंशावळीचा पाया तेथेच डळमळला.

७/ यावरून मौखिक परंपरा निरुपयोगी ठरत नाही. कोण सांगतो, कोणापुढे आणि कशासाठी, हे तिला विचारावेच लागते. तेच प्रश्न नोंदवहीलाही विचारायला हवेत. तीही विकणाऱ्यानेच लिहिलेली आहे. तिचे आकडे अचूक असू शकतात, तरीही माणसाचा माल करण्याचे काम त्याच आकड्यांनी केले.

८/ २०११ मध्ये त्या बेटाला अधिकृतपणे ‘कुंटा किंते’ हे नाव मिळाले. वंशावळ सिद्ध झाली नाही; नाव मात्र बेटावर राहिले. वाटेत मरण पावलेले ४२ जण ना वहीत नावाने आहेत, ना कोणत्या गाण्यात ओळखता येतात. १४० उणे ९८, या वजाबाकीतच काय ते उरले आहेत.