अर्जावरची सही

राजारामपुरी, कोल्हापूर
६ मार्च २०१६

चि. सौ. सोनू हीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. ‘रात्रीस खेळ चाले’ कशी वाटली, एवढेच तू विचारले आहेस. परंतु ती मालिका बंद करावी अशा अर्जावर सही केल्याचे तू समासात बारीक अक्षरांत लिहिले आहेस, ते वाचल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही.

आधी मालिकेविषयी. २२ फेब्रुवारीला ती सुरू झाल्यापासून आमची गल्ली रात्री उशिरापर्यंत जागी असते. शेजारच्या आजींना मालवणी निम्मीच उमगते, तरी जपमाळ हातात धरून त्या शेवटपर्यंत बसतात. त्यांचा नातू पाय खाली न सोडता मांडी घालून पाहतो आणि जाहिराती लागल्या तरी पाणी प्यायला एकटा स्वयंपाकघरात जात नाही. मला स्वतःला मालिकेतला आकेरीचा वाडा आणि त्यातली माणसांची कुजबूज भुतापेक्षा अधिक भयप्रद वाटली. संगीत मात्र फार कर्कश. शिवाय, प्रत्येक गोष्टीला कारण विचारणारी नीलिमा ज्या घरात सून म्हणून वावरते, त्या घरातला श्रद्धा आणि शंका यांचा वाद लेखकाने एकतर्फी निकालात काढलेला नाही, हे तुझ्यासारख्या चाणाक्ष मुलीच्या नजरेतून निसटावे याचे नवल वाटते.

कोकणी माणूस देवस्की आणि भाऊबंदकी यांतच बुडालेला दाखवतात, ही तुझी तक्रार रास्त आहे. ती वर्तमानपत्रात सविस्तर लिही. पण अगं, अशा मालिकेने अंधश्रद्धा वाढते म्हणावे, तर धारप आणि मतकरींच्या भयकथा पांघरुणात दडून वाचणारी तूच ना? त्या वाचनाने तू कुणा मांत्रिकाच्या दारी गेली नाहीस. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३च्या त्याच ऑगस्टात, ज्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला, तो कायदाही भुताची गोष्ट सांगणाऱ्याला नव्हे, तर त्या भयाच्या आधारे माणसाला लुबाडणाऱ्याला आणि छळणाऱ्याला शिक्षा फर्मावतो. भयाची कथा आणि भयाचा धंदा यांतील ही सीमारेषा पुसली गेली, की सरकारदरबारी अर्ज करणाऱ्यांची रांग संपणार नाही. आज तुझा अर्ज मालिकेविरुद्ध आहे, उद्या कुणाचा तरी पुस्तकाविरुद्ध येईल.

तू म्हणशील, काका कुठल्या कुठे गेले. पण ज्या शहरात ‘शिवाजी कोण होता?’ लिहिणाऱ्या पानसरेंवर सकाळी फिरून परतताना गोळ्या झाडल्या गेल्या, तिथे राहून मला शब्दांना शब्दांखेरीज दुसरे कोणतेही उत्तर सहन होत नाही. मालिका सुरू झाली त्याच्या दोनच दिवस आधी त्यांच्या मृत्यूला वर्ष झाले. तुझी सही आणि ती गोळी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मी जाणतो. तरीही समोरच्याचे बोलणे थांबवावे ही इच्छा तुझ्या मनात इतक्या सहज यावी, याने धास्तावलो आहे.

अर्ज अद्याप कचेरीत दाखल झाला नसेल तर सही मागे घे, आणि झाला असल्यास त्याची नक्कल मला धाड. तुझा धाकटा मुलगा तापात दचकून उठतो असे लिहिलेस. त्याला रात्री मालिका दाखवू नकोस, काही दिवस तुझ्याजवळच निजव. अजून ताप येतो का, तेही कळव.

तुझा,
काका