तिसरी बंदूक

बेलापूरला प्रवरेकाठी आमचा ऊस. आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. आधी दारू, मग गजानं ठासलेली चिंधी, मग छर्रे, शेवटी टोपी. बार उडाला की पांढऱ्या धुरात आजोबा क्षणभर दिसेनासे होत. डुकरं क्वचितच पडत. ‘ती आवाजापुरतीच,’ ते म्हणत.

वडिलांनी बारा बोअरची दुनळी घेतली. मला जुन्या बंदुकांचा नाद. मी एक एकनळी मिळवली, तिच्यावर नेम बसवला. वडिलांच्या मागे तिन्ही माझ्या नावावर आल्या.

2019च्या दसऱ्याला विधानसभेची आचारसंहिता होती. बंदुका पोलीस ठाण्यात जमा. आईनं पाटावर पावत्याच मांडून हळदकुंकू वाहिलं. त्याच डिसेंबरात कायदा बदलला: माणशी तीनऐवजी दोनच.

सगळे म्हणाले, ठासणीची दे, तिचा बार होऊन वीस वर्षं झाली. बरोबरच होतं. मी माझी एकनळी दिली.

आता उसात बिबट्या असतो. रात्री पाणी धरायला जाताना मी बॅटरी नेतो, मोठ्यानं बोलत चालतो. आवाजापुरताच.