धूर कसला येतोय?

कोल्हापूरजवळ, वडणग्याच्या गुऱ्हाळावर दोन चाकांचं, संथ ठेक्यात चालणारं ऑइल इंजिन होतं. हँडल मारताना बाबा दर वेळी बजावायचे, "अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेव, हँडलभोवती गुंडाळू नको." इंजिन उलटं फिरलं की हँडल झटका देतं आणि अंगठा जातो. डिझेल मेकॅनिकचं माझं शिक्षण तिथं सुरू झालं.

1997 साली दहावीनंतर कळंब्याच्या शासकीय आयटीआयत मी याच ट्रेडला प्रवेश घेतला. शिवाजी पूल, गंगावेश, रंकाळा असा सायकलवरचा रस्ता. वर्षाचा कोर्स, पण सुरुवातीचे कित्येक आठवडे इंजिनला हातच लागला नाही. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरायचा आणि फाईल मारत राहायचं. मग ट्राय स्क्वेअर लावून तो उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला तर जॉब परत. तळहाताला फोड आले, चिडचिड झाली. पुढे टॅपेटच्या फटीत फिलर गेज सरकवताना, पातं किती घासत जायला हवं हे हाताला आपोआप कळलं, तेव्हा त्या आठवड्यांची किंमत समजली.

आमचे सर इंजिन आधी ऐकायला लावायचे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. चारपैकी कुठला सिलेंडर काम करत नाही हे शोधायचं तर एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करायचा. चालू सिलेंडरचा नट सैल केला की इंजिन लगेच मंदावतं. ज्याचा सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, तोच बंद. धुराचा धडा तर पाठच झाला होता. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल नीट पेटत नाही. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो, दाबून तापलेल्या हवेतच इंधन पेटतं. म्हणून दाब कमी झाला की सगळं बिघडतं.

मग वर्षभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिसशिप केली. ती संपली आणि कायमची नोकरी कुठं मिळाली नाही, म्हणून उद्यमनगरात स्पेअर पार्ट्सच्या एका दुकानात काउंटरवर उभा राहिलो. मला ते कमीपणाचं वाटलं. हातात पाना नाही, नुसते खोके काढून द्यायचे.

त्याच काळात एक मामा आले. ट्रॅक्टर चालता चालता बंद पडतो म्हणाले. ऊसतोडीचे दिवस, घाई. त्यांनी नोझल मागितले, मी नोझल दिले. चौथ्या दिवशी ते परत आले, आवाज चढलेला. दोष नोझलचा नव्हताच. डिझेलच्या पाइपचा वॉशर चिरला होता आणि लाइनमध्ये हवा शिरत होती. काही रुपयांचा वॉशर बदलून आणि लाइनमधली हवा काढून भागलं असतं. चूक माझीच होती. मी इंजिन शिकलो होतो, पण काउंटरवर उभा राहिल्यावर तेच विसरलो होतो.

धाकटी बहीण तेव्हा एमसीव्हीसीच्या व्यवसाय अभ्यासक्रमात, मार्केटिंग आणि सेल्समनशिपला होती. नातेवाईक म्हणायचे, विकायला कॉलेज कशाला लागतंय? त्यांच्या वर्गात एकानं गिऱ्हाईक व्हायचं, एकानं दुकानदार, आणि बाकीच्यांनी चुका काढायच्या. माझी हकिगत ऐकून ती म्हणाली, "दादा, तू त्यांना पार्टचं नाव विचारलंस. त्यांना काय त्रास होतोय ते विचारायचंस की."

दुसऱ्या दिवसापासून मी विचारू लागलो. धूर कसला येतोय? गार असताना बंद पडतो की तापल्यावर? चढाला ओढत नाही की सपाटीलाही? उत्तरं देता देता गिऱ्हाईक स्वतःच इंजिन आठवू लागायचं. कित्येकदा मागितला तो पार्ट लागायचाच नाही. मालक आधी नाराज झाले. पण तीच माणसं आपल्या पै-पाहुण्यांना घेऊन परत येऊ लागली, तसे निवळले.

आता आम्हा भावंडांचं छोटं दुकान आहे. उधारीची वही, माल भरणं, फोन, सगळं बहीण बघते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ हायवे बंद झाला, गावंच्या गावं पाण्यात होती. पाणी ओसरलं आणि फोन सुरू झाले. सगळ्यांचा प्रश्न एकच: ट्रॅक्टर बुडाला होता, स्टार्टर मारू का? बहीण प्रत्येकाला ठासून सांगत होती, "अजिबात मारू नका, आधी दादाशी बोला." सिलेंडरमध्ये पाणी राहिलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मी फोनवर एकेक पायरी सांगत होतो. इंजेक्टर काढा, इंजिन हातानं फिरवा, पाणी उडून जाऊ दे, ऑइल काढून टाका, डिझेलची टाकी रिकामी करा.

चौथ्या दिवशी दुकानात एक आजोबा आले. कापडात गुंडाळलेले इंजेक्टर त्यांनी काउंटरवर ठेवले. "तुमच्या भनीनं सांगितलं तसं केलं," म्हणाले. टेस्टरवर लावून बघितले, तिन्ही चांगले होते. ऑइल, दोन फिल्टर, तीन वॉशर. बहिणीनं तेवढंच बिल केलं.