सुगममधला रकाना

जुलैची अखेर. गोदेला पाणी चढलंय, ते कुठवर आलं हे बघायला सगळं शहर दुतोंड्या मारुतीकडे धावतंय आणि मी आयटीआर-४ उघडून बसलेय. फॉर्मचं नाव 'सुगम'! इंटिरिअरचं काम करणाऱ्या माझ्यासारखीला कलम ४४एडीएचा आधार: वर्षाच्या जमेतली निदान निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची, खर्चाच्या पावत्या जपत बसायला नको. मर्यादा ५० लाखांची. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असली तर ७५ लाखांची. (मी अजून त्या गावच्या वेशीलाही पोचलेले नाही.)

सातपूरच्या कारखान्याच्या बिलाची रक्कम फॉर्म भरायच्या सॉफ्टवेअरनं आपणहून आणून ठेवली, कारण त्यांनी टीडीएस कापलाय. पण इंदिरानगरच्या काकूंनी ओट्याच्या आराखड्याचे पैसे फोनवरून पाठवले, देवळालीच्या काकांनी पाकिटात घालून हातात दिले. ते सॉफ्टवेअरला कुठून ठाऊक असणार? ते आहेत माझ्या वहीत, हिरव्या शाईत. इथे ते गाळायचा मोह होतो, खोटं कशाला बोलू! पण पुढे गृहकर्ज मागायचंय आणि बँक हीच विवरणपत्रं चाळणार. शिवाय काकूंचे पैसे कमाईचेच की. लिहिले सगळे. तर फॉर्म विचारतो, बँकेतून किती आणि रोख किती? देवळालीच्या पाकिटासाठी वेगळा रकाना आहे म्हणजे.