टाकीचा सुस्कारा

आमचें मालेगाव वाशीम जिल्ह्यांतलें. हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. कारण मालेगाव म्हटलें कीं ऐकणाराच्या कानांत नाशिककडच्या यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो, आणि दुसऱ्या गांवाचा लौकिक उगाच आमच्या पदरांत पडतो. आमच्याकडे अकोल्याहून वाशीमला जाणारा रस्ता आहे, त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन आणि तूर आहे, आणि श्रावणांत पावसानें उघडीप दिली कीं शिवारांतून फवारणीच्या पंपांची घरघर ऐकूं येते.

तीस वर्षें शाळेंत विज्ञान शिकवून मी निवृत्त झालों आणि वडिलार्जित वावराकडे वळलों. गेल्या श्रावणांतली गोष्ट. सोयाबीन फुलावर आलें होतें, पानांवर उंटअळी दिसूं लागली होती. चार दिवसांच्या झडीनंतर ऊन पडलें होतें. तें किती टिकेल याचा भरंवसा नव्हता. नेमक्या अशा वेळीं आमच्या पाठीवरच्या पंपाचें पेट्रोलचें इंजिन ‘मिसिंग’ मारूं लागलें. हा शब्द आमच्याकडच्या मिस्त्र्यांचा. दहा मिनिटें तें सुरळीत चाले. मग ठोके चुकूं लागत, आवाज बारीक होई, आणि शेवटीं तें गप्प बसे.

मला मनांतून थोडा आनंदच झाला. पुस्तकांतली विद्या वावरांत दाखवण्याची संधि चालून आली होती! इंजिनाला तीन गोष्टी लागतात: इंधन, हवा आणि वेळेवर पडणारी ठिणगी. शिवाय दट्ट्याचा दाब शाबूत हवा. आतां एकेकाची झडती घ्यावयाची, इतकेंच.

प्रथम टाकींत पेट्रोल आहे कीं नाहीं तें पाहिलें. मग प्लग काढला. त्याच्या टोंकावर काजळी होती. ती घासून काढली, टोंकांमधली फट पाऊण मिलिमीटरच्या आंत आहे ना तें पाहिलें, आणि दोरी ओढली. इंजिन सुरू! दहा मिनिटांनीं पुन्हां बंद. पुन्हां टाकींत डोकावलों, कार्बोरेटर उघडला, त्याची सुईएवढी वाट फुंकून साफ केली. इंजिन सुरू! दहा मिनिटांनीं बंद. मग पेट्रोलाचा संशय आला. हल्लीं त्यांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि इथेनॉल पाणी शोषून घेतें. पावसाळ्यांत डबा उघडा राहिला असेल, असें ठरवून ताजें पेट्रोल आणविलें. फळ तेंच.

आतां उरलें तेल. अशा दोन ठोक्यांच्या इंजिनांत वंगणासाठीं निराळी जागा नसते; तेल पेट्रोलांतच मिसळावें लागतें. आमच्या पंपाचें माप लिटराला २५ मिलिलिटर. कमी पडलें तर दट्ट्या घासतो, जास्त झालें तर प्लगवर काजळी धरते. काजळी मीं डोळ्यांनीं पाहिली होती, आणि मिश्रण करणारा होता आमचा सालदार. नऊ पाडवे त्यानें आमच्याकडे काढले आहेत.

“अंदाजानें तेल ओततोस तूं,” मी म्हणालों.

“नाई सर, म्या मापानंच टाकलं.”

निंदणाऱ्या बायका धुऱ्यावर भाकरी खात होत्या. त्यांच्यादेखत मीं टाकी रिकामी केली, औषधाच्या मापानें तेल मोजून नवें मिश्रण भरलें, आणि दोरी ओढली. पहिल्याच ओढीला इंजिन गर्जूं लागलें. “पाहिलेंस?” मी म्हणालों. तो कांहीं बोलला नाहीं. पंप पाठीवर घेऊन निघून गेला. दहा मिनिटांनीं, तो पऱ्हाटीच्या पलीकडे असतांना, घरघर थांबली. माझा पुरावा मेला होता. पण आरोप जिवंत होता, आणि तो मागें घेण्याचें मला सुचलें नाहीं.

संध्याकाळीं आम्ही दोघे पंप घेऊन गांवांतल्या एका मिस्त्र्याकडे गेलों. मीं त्याला प्लगापासून इथेनॉलापर्यंत सारें व्याख्यान ऐकविलें. त्यानें तें शांतपणें ऐकलें आणि विचारलें, “बंद पडल्यावर सर्वांत पयले काय करता?”

मी आठवूं लागलों. मागून सालदार म्हणाला, “पयले झाकण उघडतेत. ते फुस्स करते, मंग चालू होते.”

मिस्त्री हंसला. त्यानें टाकीचें झाकण दिव्यासमोर धरलें आणि एका बारीक तारेनें त्याच्या मधोमध असलेलें भोक मोकळें केलें. तेलकट मातीचा एक कण बाहेर आला. मोहरीएवढाही नव्हता.

खर्च झालेल्या पेट्रोलाची जागा घ्यावयाला टाकींत हवा शिरावी लागते. ती शिरली नाहीं कीं आंत पोकळी वाढत जाते, पेट्रोलाची धार आखडते, आणि इंजिन उपाशी मरतें. झाकण उघडलें कीं हवा सुस्कारा टाकून आंत शिरते आणि पुढचीं दहा मिनिटें सारें आलबेल! हवेला वजन आहे, हें टॉरिचेलीनें १६४३ सालीं पाऱ्याच्या नळीनें दाखविलें. तेलाच्या डब्याला एक भोक पाडलें तर धार अडखळते, दुसरें पाडलें तर मोकळी वाहते, हा प्रयोग मीं स्वतः तीस वर्षें वर्गांत केला होता.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हा नियमही मींच शिकविला होता. आणि माझ्या समजुतीप्रमाणें पाळलाही होता. पण प्रत्येक वेळीं मी पेट्रोल पाहावयाला झाकण उघडीत होतों. प्लगाला, कार्बोरेटरला, ताज्या पेट्रोलाला यश मिळालें तें त्या उघडण्याचें. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडावी, तसें झालें. या तिघांना फुकटचें श्रेय मिळालें, त्यानें कोणाचें बिघडलें नाहीं. चौथ्या वेळीं मात्र त्याच योगायोगानें एका माणसाला चारचौघांत खोटें पाडलें. आणि तो सुस्कारा ऐकण्याचें लक्ष आमच्या दोघांपैकीं त्यालाच होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं बायका पातींवर बसण्यापूर्वीं मीं त्यांना ऐकूं जाईल अशा बेतानें म्हटलें, “तेल बरोबर होतें. चूक माझी.” वर्गांतसुद्धां मला हें वाक्य फारसें म्हणावें लागलें नव्हतें, आवाज जरा घोगराच आला. सालदारानें मान वर केली नाहीं. मापानें तेल मोजलें, टाकी भरली, झाकण लावलें, दोरी ओढली. संवयीनें माझा हात झाकणाकडे गेला.

“राहू द्या, सर,” तो म्हणाला. “आता उघडू नोका.”