समोरचा उतार आणि तारेचा मग

१८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो. छातीला ते लगेच कळतं, डोक्याला उशिरा. बुखारीवर पाणी ठेवलं की नाही, हे दोन मिनिटांत निसटतं. म्हणून पहारा बदलताना जुना संतरी काय पाहिलं ते सांगतो आणि नवा तेच मोठ्याने परत म्हणतो. नवख्या पोराला तो पोरखेळ वाटतो. आठवडाभरात त्याचं मत बदलतं.

सपाटीवरही लक्ष फार वेळ टिकत नाही. दुसऱ्या महायुद्धातले रडारवाले पडद्यावरच्या खुणा का चुकवतात, याचा शोध नॉर्मन मॅकवर्थ यांनी घेतला. १९४८ साली त्यांनी निष्कर्ष छापले: पहिल्या अर्ध्या तासानंतरच नजर चुकू लागते. डोळे उघडे असतात, पण दिसलेलं आत पोचत नाही. आणि जे आत पोचलं नाही, ते पुढे आठवणार कुठून?

पुतण्याच्या लग्नात कार्यालयाला दारं किती होती, जनरेटर कुठे होता, खुर्चीखाली कुणाची पिशवी पडली होती, हे मला पक्कं आठवतं. मंगलाष्टकं कोणी म्हटली, ते नाही. घरचे म्हणतात, "तुमचं लक्षच नव्हतं." लक्ष होतं. ते दारावर होतं.

लडाखमधला माझा गढवाली जोडीदार निवृत्तीनंतर तीन वर्षांनी गेला. भेटायला गेलो, तेव्हा भाभीजींनी विचारलं, "तिकडे काय बोलायचे हो ते?" सहा महिने आम्ही एका बंकरात काढले होते, पण शब्द एकही सापडेना. मला आठवत होता तो समोरचा उतार. मग तोच सांगू लागलो. तीन काळे दगड, डावीकडे घसरडी, अलीकडे आमची दगडी भिंत, भिंतीवर त्याचा चहाचा मग. मगाचा कान तुटलेला, त्याला तार गुंडाळलेली.

भाभीजी उठल्या आणि आतून कढई घेऊन आल्या. तिच्या कानालाही तशीच तार होती, तसाच पीळ. "घरातलं काही टाकू द्यायचे नाहीत," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

माजी सैनिक मित्रांनो, कुणी जुन्या सोबत्याबद्दल विचारलं आणि काहीच आठवेना, तर "विसरलो" म्हणून विषय मिटवू नका. तेव्हा तुमची नजर कुठे होती, तिथून सांगायला लागा. तो जवळपासच कुठेतरी बसलेला असेल.