चौथी विहीर

पाणलोटाच्या कामासाठी ग्रामसभांत बोलायला लागून मला वीस वर्षं झाली. सुरुवातीला माझे दाखले ठरलेले होते. 1975मध्ये अण्णा हजारे परतल्यानंतर बदललेलं राळेगणसिद्धी. आणि पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली जेमतेम 400 मिलिमीटर पावसावर पाण्याचा ताळेबंद मांडणारं, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी करणारं हिवरे बाजार. तिथे झालं, तर इथेही होईल, असं मी तळमळून सांगायचो. एकदा मागून एक आजी म्हणाल्या, "त्यांना पोपटराव मिळाले, बाबा. आमच्याकडं कोण हाय?" मला उत्तर देता आलं नाही.

न्यायशास्त्रात अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. अग्नी तिथे धूर म्हणावं, तर लोखंडाचा तापलेला गोळा समोर येतो : अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. माझ्या दाखल्यांतलं ओलं सरपण आजींनी दाखवलं.

तेव्हापासून सभेआधी मी त्याच गावच्या विहिरी पाहून येतो. दाखल्यांवरून नियमाकडे जाणारा विगामी तर्क टिकायचा, तर दाखले एकमेकांसारखे असून चालत नाहीत. म्हणून एक विहीर बड्या बागायतदाराची, एक एकट्या बाईच्या दोन एकरांतली, एक मुरमाड माळावरची. सभेत विचारतो, "मार्चात पाणी किती परस होतं?" ज्याची विहीर, त्यानेच सांगायचं. मालक वेगळे, जमीन वेगळी, ऐपत वेगळी, तरी तिन्हींत पाणी. मग सारखं काय? वरच्या अंगाचा बांध. हे शोधायला मी सभेलाच वेळ देतो. गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारून लोकांच्याच तोंडून उत्तर काढत. ती रीत मला गुरुस्थानी आहे.

मग चौथी विहीर मी स्वतःहून काढतो. बांधाखालचीच, तरी फेब्रुवारीत कोरडी. ती झाकली, तर आधीच्या तिन्ही विहिरींवरचा विश्वास उडेल. सभा गप्प होते. मग कुणीतरी सांगतं, "शेजारी दोन बोअर चालत्यात." बांध मुरवतो, बोअर उपसते, तिथून ताळेबंद गावच मांडू लागतं.

चार विहिरींवरून खात्री देता येत नाही. म्हणून शेवटच्या वाक्यातला 'बहुधा' मी कधी गाळत नाही. सभा संपल्यावर कुणी पाचवी विहीर मोजायला दोर घेऊन निघालं, तर माझं बोलणं पोचलं.